आपत्तीनंतर मंडळीने (चर्चने) काय पाठवावं: सामान की पैसे?

भूकंपाची किंवा पुराची बातमी आली की रविवारच्या उपासनेनंतर हा वाद निघतोच. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायात उघड्याला वस्त्र देणं आहे, तर करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरजूंसाठी काढलेली वर्गणी. म्हणजे वचनं दोन्हीकडे आहेत.

सामानाची जमेची बाजू खरी आहे. दुकानं वाहून गेली असतील तर हातात रोकड असून काही उपयोग नसतो; तेव्हा ताडपत्री, चादरी, साबण थेट कामी येतात. पाणी मात्र भरू नका. आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी धरलं आहे, म्हणजे हजार लोकांना दिवसाला 15 टन. त्यापेक्षा क्लोरीनच्या गोळ्या पाठवलेल्या बऱ्या.

आम्हाला सामानाचा उबग आला तो निवडण्यापायी. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात चेन तुटलेली पँट, एकाच पायाचा बूट, एखादी ओलसर चादर. तिची बुरशी चार दिवसांत सगळ्या गठ्ठ्याला लागते. आणि निवडत बसतात तीच माणसं, जी चिखल उपसायला हवी असतात. 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर सुमारे 5,000 टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडलं. त्यात नेमकं काय आहे हे कळायलाच 50 जणांना 6 महिने लागले. औषधं तर मंडळीने गोळाच करू नयेत.

तरीही सामानच द्यायचं ठरलं, तर आधी तिथल्या मंडळीच्या पाळकांकडून (पास्टरकडून) लेखी यादी मागवा. एका खोक्यात एकच जिन्नस ठेवा. बाहेर दोन बाजूंना नाव, नग आणि माप लिहा. वजन 15 किलोच्या आत असू द्या, कारण उतरवणारे हात थकलेले असतात. कपडे नवेच.

पैशांतही गोची होते. ‘फक्त घरांसाठी’ असं बांधून दिलेलं दान घरांची परवानगी अडकली की पडून राहतं. म्हणून आवाहनातच ‘उरलेली रक्कम त्याच भागातल्या इतर मदतकार्यासाठी’ हे वाक्य घालावं. मोजणी दोघांनी, सह्या दोघांच्या, हिशेबात वेगळं खातं. पौलानेसुद्धा वर्गणीबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला होता, कुणी बोट दाखवू नये म्हणून. सगळी रक्कम एकदम पाठवू नये, असंही वाटतं. बी-बियाणं, अवजारं, वह्या-पुस्तकं यांची गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उभी राहते आणि तोवर दानाचा ओघ आटलेला असतो.

येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसासाठी आधी जवळचं तेल आणि द्राक्षारस वापरला. दुसऱ्या दिवशी मात्र उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्त लागलं तर परतताना देईन म्हणाला. आम्हालाही हाच क्रम पटतो. रस्ता एका दिवसाचा असेल आणि यादी हातात असेल, तर गाडी भरा. एरवी दानाची थैली फिरवलेली बरी.