सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन: वावरवाल्या घरातली दोन वर्षं

दोन दिवाळ्यांआधी यवतमाळवरून सात किलोची सेमी ऑटोमॅटिक आणली, साडेदहा हजारात. पोरगी म्हणत होती, "आई, फुल ऑटोमॅटिक घे." तिचं ठीक आहे, ती नागपुरात राहते. आमच्याकडे नळ दिवसाआड, तोही तासभर आणि करंगळीएवढ्या धारेचा. बाकी सगळं बोरिंगवर. सेमीत बकेटीनं पाणी ओतता येते, आणि मधातच लाईन गेली तर कपडे काढून हातानं आटपता येतात. पावसाळ्यात हे किती वेळा करावं लागलं, मोजलं नाही.

मला तिची आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच साबणाच्या पाण्यात तीन खेपा निघतात. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी वावरातले. तीन बकेटा पाण्यात पूर्ण घराचं धुणं फिरते. खळबळायला वेगळं पाणी लागतेच, पण शेवटचं खळबळलेलं मी अंगणात शिंपडते. उन्हाळ्यात ज्यांनी पाणी वाहिलं त्यांनाच याची किंमत कळेल.

आता रडगाणं. आमचं बोरिंगचं पाणी जड. वडीचा साबण लावला की फेस नाही, नुसतं फाटलेल्या दह्यासारखं पांढरं चोथापाणी, आणि तेच बनियनला चिकटून बनियन करडं पडते. पावडर वाढवून पाहिली, पैसे गेले. मग माहेरची जुनी रीत आठवली. धुण्याचा सोडा, खायचा नाही, दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून आधी टबात टाकायचा, पाच मिनिटांनी पावडर. पावडर अर्ध्यावर आली. टबाला जो पांढरा थर बसतो त्याच्यासाठी महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व गरम पाण्यात टाकून मशीन रिकामी फिरवते. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र टाकू नका, फसफसते फक्त, काम दोघंही करत नाहीत.

काळ्या मातीचा चिखल मशीनीच्या भरवशावर सोडू नका. ओला असताना घासला तर सुतात अजून आत बसतो. मी पायजामे दोरीवर तसेच वाळू देते, काठीनं झोडपते, मग थंड पाण्यात तासभर भिजवून टबात. कॉलर आणि पायाच्या पट्ट्या ब्रशनं घासाव्याच लागतात. दुकानातला पोरगा "काहीच घासू नका काकू" म्हणाला होता, त्यानं कधी वावर पाहिलं नसावं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाका, उडतो.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगितली नाही. मशीनीचं बूड उघडं असते. पहिल्याच हिवाळ्यात, घरात कापूस भरलेला, उंदीर खालून शिरला आणि वायर कुरतडून गेला. मेकॅनिक यायला आठ दिवस, त्याचे साडेसातशे. आता खाली बारीक जाळी ठोकली आहे आणि मशीन विटांवर चढवली आहे. तुम्ही घेतानाच जाळी मागा.

फवारणीचे कपडे मी या मशीनीत कधीच टाकत नाही. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्या पावसाळ्यात गावोगाव दवाखान्याच्याच गोष्टी होत्या. तेव्हापासून हे वावरातून आले की कपडे अंगणातच उतरवतात. त्यांच्यासाठी वेगळी बकेट आहे, लाल. हातमोजे घालून, गरम पाणी आणि पावडर, दोन वेळा, त्याच दिवशी. घरच्या धुण्याच्या दोरीवरही ते नाहीत, कुंपणाच्या तारेवर, उन्हात. पाणी विहिरीपासून दूर ओतते.

पिळायचा डबा चांगला आहे, फक्त वरची प्लॅस्टिकची चकती विसरली की अख्खी मशीन न्हाणीभर नाचते. रात्री वावरातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, डबा नुसता घूं घूं करतो, म्हणून मी दुपारीच उरकते.

सासूबाईंचं नऊवारी लुगडं टबाच्या बुडातल्या फिरत्या चकरीला असं गुंडाळलं गेलं की सोडवायला दोघी लागलो. तेव्हापासून त्या आपलं लुगडं दगडावरच धुतात. आणि मग ओलं लुगडं घेऊन माझ्या मागं उभ्या राहतात, "एवढं पिळून दे वं."