टॅगेट : मुलाखतींचं कोडिंग फुकटात, मेमो मात्र बाहेर

गुणात्मक संशोधनात मुलाखतींच्या मजकुराला अर्थाची लेबलं लावतात, त्याला कोडिंग म्हणतात. त्यासाठीची बडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाहीत. टॅगेट हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, पूर्ण मोफत. वीस-तीस मुलाखतींच्या प्रबंधाला ते पुरतं. ऑडिओ-व्हिडिओचं कोडिंग करायचं असेल तर या वाटेला जाऊ नका.

वर्ड, पीडीएफ किंवा साधी टेक्स्ट फाइल आत घ्यायची, ओळी निवडायच्या, टॅग म्हणजे लेबल लावायचं. देवनागरी नीट दिसते, पण फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मुलाखतीचा नुसता चिखल होतो. फाइल एकदा आत गेली की मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मुलाखत देणाऱ्यांची नावं बदलण्याचं काम आधीच उरका.

नव्या प्रकल्पात 'इंटरेस्टिंग' नावाचा टॅग आयताच मिळतो. तो आधी काढून टाका, नाहीतर निम्मे उतारे त्या अडगळीत जातात.

खरी परीक्षा टॅगच्या नावात. पहाटेपासूनचा सगळा रगाडा सांगून बाई म्हणते, 'मी काही करत नाही, घरीच असते.' यावर 'कुटुंब' असा टॅग लावला तर विषयवारी झाली, विश्लेषण नाही. 'स्वतःच्या कामाला काम न म्हणणं' असा लावला, तर पुढच्या मुलाखतीतलं वाक्य त्याच्याशी ताडून बघता येतं. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये मांडलेली सतत तुलना ती हीच. टॅगवर क्लिक केलं की सगळ्या मुलाखतींतले उतारे एकाखाली एक येतात. टॅगेटची ही सोय झकास. टॅगच्या वर्णनात काय बसतं आणि काय बसत नाही, दोन्ही लिहा. कोडबुक, म्हणजे सगळ्या टॅगची यादी, काढताना ते सोबत येतं.

दोन टॅग एका बटणावर एक होतात. पुन्हा वेगळे करायचे तर एकेक उतारा उघडत बसावं लागतं, म्हणून आधी प्रकल्पाची प्रत काढा.

मोठी उणीव मेमोची, म्हणजे कोडिंग करताना सुचलेल्या विचारांच्या टिपणांची. 'हे असं का? कोणाच्या बाबतीत होत नाही?' असं उताऱ्यालगत लिहायला जागाच नाही, आणि सिद्धान्त घडतो तो तिथेच. वेगळी फाइल ठेवा. प्रत्येक मेमोवर तारीख, टॅग आणि मुलाखतीचा क्रमांक. दोन-तीन मुलाखती झाल्या की थांबून मेमो लिहा, मग पुढे कोणाला गाठायचं ते ठरवा. सगळ्या मुलाखती आटोपून कोडिंगला बसणाऱ्याच्या हाती तीनशे टॅग उरतात आणि पुन्हा मुलाखतींना जायची वेळ निघून गेलेली असते.

एकच मजकूर कोड करणाऱ्या दोघांमधली सहमती टॅगेट मोजत नाही. दोघांचे प्रकल्प वेगळे ठेवा आणि उतारे एक्सेलमध्ये काढून जुळवा.