फायब्रोनेक्टिनचा लेप दिलेली ९६ खणांची प्लेट: वापरून पाहिली

टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) ऊतींतल्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना कशा चिकटतात हे बघायला आधी मी लेप स्वतःच द्यायचे. प्लेट रात्रभर ४ अंशांवर ठेवायची, तरी दर खणाचं उत्तर वेगळं. या तयार प्लेटने तो वैताग संपवला. मँगनीज घातल्यावर इंटेग्रिन (पेशीच्या पृष्ठभागावरची, तिला चिकटवून ठेवणारी प्रथिनं) जागे झाले आणि जुरकॅट पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टी पेशी) अशा बसल्या की तीनदा धुतल्या तरी हलल्या नाहीत. धातूचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए टाकलं, तशा गोल होऊन तरंगायला लागल्या! ही पकड धातूच्या आयनांवर टिकते, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मी अक्षरशः हरखून गेले. तुलनेसाठी ठेवलेल्या, नुसत्या अल्ब्युमिनच्या (पेशी सहसा ज्याला चिकटत नाहीत अशा प्रथिनाच्या) खणांत जवळपास काहीच उरलं नाही. तक्रार एकच: माझ्या प्लेटच्या कडेच्या खणांत लेप विरळ निघाला. ते खण मी मोजत नाही.