सर्व्हिसिंगहून पियानो आला, पण माझे सोळा आवाज गेले (डिजिटल पियानो, ११ महिन्यांचा अनुभव)

मागच्या महिन्यात पियानो घाटावरच्या सर्व्हिस सेंटरमधून मालवणला परत आला. टेम्पोतून उतरवला, ओटीवर मांडला, चालू केला. मधल्या सप्तकातली जी पट्टी हलक्या बोटालाही तोफेसारखी वाजत होती, ती आता नीट बोलत होती. मग मी यूझरचं, म्हणजे आपण जमवलेले आवाज ठेवायच्या सोळा जागांचं, बटण दाबलं. १ ते १६, सगळ्या जागांवर एकच ग्रँड पियानो. माझ्या पोटात गोळाच आला. रात्री क्लास सुटल्यावर बसून बसून जमवलेले माझे सगळे आवाज गेले होते.

फोन केला तर म्हणे, ‘फॅक्टरी रिसेट केलाय मॅडम, आम्ही सगळ्यांनाच करतो.’ न विचारता? बिलावर त्याचा उल्लेख नाही, पावतीवर नाही. वॉरंटीचा अजून महिना शिल्लक होता, तरी ‘दमट हवेचा बिघाड वॉरंटीत बसत नाही’ म्हणून रबर स्ट्रिपचे आणि मजुरीचे १,८५० रुपये घेतले. टेम्पोचे जाऊन-येऊन २,४०० वेगळे. आणि हे मशीन ५८ हजारांचं! कोकणात विकताना दमट हवा आठवत नाही का? तीन वेळा भांडले, पैसे काही परत मिळाले नाहीत.

बिघाड काय होता तेही सांगते, कारण समुद्राकाठी तो कुणालाही गाठेल. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपणं असतात आणि त्यांना कार्बनचे ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा मागून. त्या दोघांमधल्या वेळावरून मशीन ठरवतं की बोट जोरात पडलं की हळू. आषाढातला ओलावा आणि धूळ तिथे बसली की हिशेब चुकतो. मग पट्टी एक तर ओरडते, नाही तर मुकी होते. आता रोज रात्री सुती चादर घालते आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवते.

सर्व्हिस सेंटरवरचा राग अजून आहे. पण आवाज पुन्हा बांधायला बसले तेव्हा कळलं की यूझर म्हणजे काय हे मलाच नीट ठाऊक नव्हतं. माझी समजूत अशी की सेव्ह केलं म्हणजे तो आवाज आत साठवला गेला. तसं नसतं. आवाज साठवलेले असतात ते प्रीसेटमध्ये. ते कंपनीने रेकॉर्ड करून कायमच्या मेमरीत बसवलेले, आपल्याकडून पुसले जात नाहीत. यूझरच्या जागेत असते फक्त एक चिठ्ठी: कुठला प्रीसेट घ्यायचा, व्हॉल्यूम किती, सप्तक कुठलं, रिव्हर्ब म्हणजे घुमारा किती. म्हणजे आकडेच. म्हणून तर एका रिसेटमध्ये सोळाही गेले, आणि म्हणूनच ते आकडे वहीत लिहिलेले असते तर अर्ध्या तासात परत आले असते.

लेअर समजायला मात्र मला वेळ लागला नाही, कारण मी मूळची पेटीवाली. दोन लायनी पेटीत एक पट्टी दाबली की खर्ज आणि नर असे दोन सूर एकदम बोलतात. लेअर तेच करतो: एका पट्टीवर दोन प्रीसेट. स्प्लिट वेगळा, त्यात डाव्या हाताला एक आवाज आणि उजव्या हाताला दुसरा. क्लासमधली मुलं यात हमखास गोंधळतात.

माझा सर्वांत लाडका लेअर होता पायपेटीचा. वर रीड ऑर्गन, व्हॉल्यूम १००. त्याच्याखाली एक सप्तक उतरवून अकॉर्डियन, ६० वर. रिव्हर्ब जवळजवळ शून्य, कारण पायपेटी देवळात वाजते तेव्हा घुमते ती देवळामुळे. आमच्या वाडीत दशावताराला आयुष्यभर साथ केलेले एक पेटीवाले काका आहेत. त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘गो बाय, खर्ज वायच कमी कर. गाणाऱ्याक जागा ठेव.’ ६० चे ४५ केले आणि खरंच, गळ्याच्या खालचा तो गढूळपणा गेला. दुसरा आवाज मिसळायचा तो जाणवेल इतका, ऐकू येईल इतका नाही. एवढी एक गोष्ट मॅन्युअलच्या दीडशे पानांत कुठे नाही.

एक जुनी तक्रार मागे घेते. पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते की याच्या स्पीकरमध्ये खोट आहे, पियानोखाली स्ट्रिंग्ज लावून पेडल दाबून वाजवलं की खालचा सा मध्येच गायब होतो. स्पीकरचा दोष नव्हता. मशीन एका वेळी १२८ आवाज धरू शकतं. पण लेअरमध्ये एका पट्टीला दोन आवाज लागतात, आणि स्टिरिओ रेकॉर्डिंग असेल तर चार. १२८ भागिले ४, उरल्या ३२ पट्ट्या. पेडल दाबून लांब तान घेतली की ३२ कधीच संपतात, मग नव्या स्वराला जागा करून द्यायला मशीन जुना स्वर सोडतं. आणि सर्वांत जुना कोण? आपण सुरुवातीला धरलेला तो सा. पेडल जरा आधी उचललं की प्रश्न मिटतो. दुकानदाराला तेव्हा बरंच बोलले होते, ते नको होतं.

टॅबलेटवरून आवाज बदलायचा असेल तर एक खाच आहे. जनरल मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी ठरलेली आवाजांची सामाईक यादी, तिच्यात रीड ऑर्गन २१ वा. माझ्या भाच्याने ॲपमधून २१ पाठवला आणि वाजलं अकॉर्डियन! यादी १ पासून मोजते, पियानोला पाठवायचा आकडा मात्र ० पासून, त्यामुळे २० पाठवावा लागतो. यूझरचे आवाज तर वेगळ्याच बँकेत, म्हणजे आवाजांच्या वेगळ्या गटात. आधी बँकेचे दोन आकडे, मग आवाजाचा नंबर, तेव्हा कुठे ते लागतात.

पण मला सर्वांत जास्त छळलं ते ऑटो-ऑफने. तीस मिनिटं हात लावला नाही की हे स्वतःहून बंद होतं, आणि सेव्ह न केलेला लेअर जातो. मुलांना बंदिश तोंडी सांगत बसावं, वळून बघावं तर पडदा काळा. पावसात लाईट गेली तरी तेच. निदान ‘सेव्ह करायचं का’ एवढं तरी विचारावं ना! सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून पियानो चालू केला की माझ्या मॉडेलचा ऑटो-ऑफ थांबतो. हे मला दहाव्या महिन्यात कळलं. त्याआधी किती आवाज गेले त्याला गणतीच नाही. काळी चारवर गाणाऱ्या मुलीसाठी केलेला ट्रान्सपोजही, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणंही, यूझरमध्ये साठत नाही, तो दर वेळी हाताने लावावा लागतो. याला मी माफ करणार नाही.

बॅकअप पेन ड्राइव्हवर घेता येतो. ६४ जीबीचा नवा ड्राइव्ह याने ओळखलाच नाही, जुना ८ जीबीचा फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर लगेच घेतला. पियानो दुरुस्तीला देण्याआधी हे दोन मिनिटांचं काम कराच, आणि पावतीवर ‘रिसेट करू नये’ असं लिहून घ्या.

आतापर्यंत अकरा आवाज परत बांधले. गणपतीच्या आरतीचा लेअर काही केल्या जमत नव्हता, रीड ऑर्गनमागे स्ट्रिंग्ज किती होत्या ते आठवेना. काल संध्याकाळी काका आले. मी ४० वर वाजवलं, त्यांनी मान हलवली. ३४ वर म्हणाले, ‘आता कायच ऐकाक येना.’ ३७ ला त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला. तिथेच थांबले, आकडा वहीत लिहिला आणि ते उठायच्या आत पेन ड्राइव्हवर चढवला.