विसरलेला विंडोज पासवर्ड: सीएचएनटीपीडब्ल्यू वापरावं का?

पासवर्ड विसरलात म्हणून दुकानदार थेट 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणाला, तर जरा थांबा. अकाउंट लोकल (फक्त त्याच संगणकावरचं) असेल तर पेटर नॉर्डाल-हागेन यांचं सीएचएनटीपीडब्ल्यू (chntpw) हे मोफत साधन तुमच्या फायलींना हात न लावता पासवर्ड कोरा करतं. शेवटची आवृत्ती २०१४ ची आहे, पण विंडोज १० आणि ११ च्या लोकल अकाउंटवर आजही काम होतं.

ते उतरवण्याआधी लॉगिन स्क्रीन नीट बघा. नावाखाली ईमेल पत्ता असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट; त्याचा पासवर्ड मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच बदलायचा, इथे हे साधन निरुपयोगी. लोकल अकाउंट करताना तीन सुरक्षा प्रश्न भरले असतील, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रीसेट पासवर्ड' दिसतं. तेवढ्यावर काम भागलं तर उत्तमच.

जुन्या बूट सीडीच्या मागे लागू नका, नव्या यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) मशीनवर ती डोकेदुखी आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाका, 'ट्राय उबुंटू' निवडा आणि नेट जोडून टर्मिनलमधून अ‍ॅप्टने (सॉफ्टवेअर बसवायची कमांड) सीएचएनटीपीडब्ल्यू बसवा. पॅकेज सापडत नसेल तर युनिव्हर्स रिपॉझिटरी (उबुंटूचा जादा सॉफ्टवेअरचा साठा) चालू करा.

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करायला जाताना विंडोज 'शट डाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फास्ट स्टार्टअप या विंडोज लवकर सुरू करणाऱ्या सोयीमुळे शट डाउन अर्धवट होतं, ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो आणि शेवटी बदल लिहिलाच जात नाही. हायबरनेशनची फाइल जबरदस्तीने उडवायचा पर्याय आहे, पण त्यात सेव्ह न केलेलं काम जातं. रीस्टार्टने काम होत असताना तो मार्ग कशाला?

विंडोजचा ड्राइव्ह उघडल्यावर विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग असं आत जा. तिथली सॅम (SAM) नावाची, युजर आणि पासवर्डची नोंद असलेली फाइल आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग साधनाला छोटा एल (-l) हा पर्याय आणि सॅम फाइल द्या, की सगळ्या युजरची यादी येते. प्रत्येक नावाआधी आरआयडी हा त्या युजरचा हेक्साडेसिमल पद्धतीतला क्रमांक असतो. बिल्ट-इन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा 01f4. अकाउंटचं नाव देवनागरीत असेल किंवा त्यात स्पेस असेल तर नाव टाइप करत बसू नका, यू (-u) पर्यायापुढे शून्य-एक्स (0x) लावून हा क्रमांक द्या. मेनूत १ म्हणजे पासवर्ड कोरा करणं, २ म्हणजे बंद किंवा लॉक झालेलं अकाउंट उघडणं. १ दाबा, क्यूने बाहेर पडा आणि फाइल लिहायची का विचारल्यावर वाय. नुसतं एंटर दाबलंत तर सगळी मेहनत पाण्यात. नवा पासवर्ड मात्र इथून ठेवू नका. विंडोजमध्ये शिरल्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटमधून लगेच ठेवा.

बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उबुंटूत पार्टिशनचा प्रकार एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या प्रकाराऐवजी बिटलॉकर दिसला की समजा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असतं. ही रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते.

जुन्या विंडोज ७ आणि १० च्या घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनसाठी आम्ही हेच साधन सुचवू. पण त्याची किंमत माहीत असू द्या. ईएफएस या विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फायली आणि विंडोजने त्या अकाउंटसाठी जपलेले, ब्राउझरमधलेही, पासवर्ड जुन्या पासवर्डाशी बांधलेले असतात. तो कोरा केला की ते उघडत नाहीत. पुढे कधी जुना पासवर्ड आठवलाच, तर अकाउंटला पुन्हा तोच पासवर्ड द्या, म्हणजे ते परत उघडू शकतात. तोवर त्या फायली डिलीट करू नका.