घरी येऊन रक्त नेणारी लॅब: सुईला पाच, ‘स्मार्ट रिपोर्ट’ला भोपळा

सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. गेल्या महिन्यात दम वाढला म्हणून डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, रोज 40 मिलिग्रॅम, पाच दिवस. चौथ्या दिवशी साखर आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तपासायची होती. तीन जिने उतरवून त्यांना नेणं अशक्यच, म्हणून ॲपवरून लॅबचा माणूस घरी बोलावला. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण असे ‘स्मार्ट रिपोर्ट’ हल्ली बरेच जण देतात.

आधी चांगलं सांगते. सातची वेळ दिली होती, लॅबचा मुलगा सातला पाच कमी असतानाच दारात. सासूबाईंच्या शिरा म्हणजे वाळलेले दोरे, तरी एका टोचणीत काम झालं. जांभळ्या झाकणाची नळी हळूच उलटसुलट करून ठेवली, लेबल आमच्यासमोर चिकटवलं. याला पैकीच्या पैकी.

दुपारी दोनला व्हॉट्सॲपवर अकरा पानं. पांढऱ्या पेशी 15,800, लालभडक. त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) 84 टक्के, तेही लाल. खाली ‘संसर्गाची शक्यता’ आणि त्याच्याखाली लगेच फुल बॉडी पॅकेजची जाहिरात. नवऱ्याने तर हॉस्पिटलची बॅगच काढली.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतेय, आणि तरी घाबरले. डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी पहिलं विचारलं, ‘कच्च्या, म्हणजे पुरत्या न वाढलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्यात का?’ दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: नाहीत. ताप? नाही. थुंकी? नेहमीसारखी पांढरी. ‘मग ही गोळीची करामत आहे. तरी संध्याकाळी येऊन छाती बघतो.’

गंमत अशी की नळीत येतं ते मधल्या धारेतलं रक्त. रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्म्या तर कडेला, भिंतीला लगटून असतात. त्यांना तिथे अडकवणारी प्रथिनं म्हणजे सिलेक्टिन. गवतातून चालताना साडीला कुसळं लागतात ना, तशी पकड: लागते, सुटते, पुन्हा लागते, आणि पेशी भिंतीवरून गडगडत जाते. जवळ सूज असेल तर इंटरल्युकिन-8 सारखे निरोपे भिंतीवर बसलेले असतात. त्यांचा स्पर्श झाला की पेशीवरची इंटिग्रिन नावाची मिटलेली प्रथिनं उघडतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-1 या प्रथिनाला घट्ट धरतात. मग पेशी थांबते, चपटी होते आणि फटीतून पलीकडे उतरते.

स्टिरॉइडने ही कुसळंच बोथट होतात. काठावरच्या पेशी धारेत येतात, अस्थिमज्जेतूनही काही जास्तीच्या सुटतात, आणि बाहेर उतरणाऱ्या कमी होतात. म्हणजे आकडा फुगलेला, पण कामावर पोचणाऱ्या पेशी मात्र कमी! म्हणून तर या गोळ्या चालू असताना खरा संसर्गही दबून राहू शकतो, आणि म्हणूनच डॉक्टर संध्याकाळी आलेच. छाती साफ होती.

मशीनने मोजलं ते बरोबरच मोजलं, माझी तक्रार तिथे नाही. ॲपने वय विचारलं, उपाशीपोटी का विचारलं, कूपन आहे का तेही विचारलं. औषधं कोणती चालू आहेत, हे कुठेही नाही. कस्टमर केअरला सांगितलं तर बाई म्हणाली, ‘मॅम, रेंजच्या बाहेर आहे म्हणून रेड आलंय.’ एवढं मलाही दिसत होतं, बाई.

गोळ्या संपून पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच लॅबला बोलावलं, त्या मुलाच्या हातासाठी. आकडा आला 8,900. त्या सकाळी मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती: ‘प्रेडनिसोलोन बंद करून 15 दिवस.’ त्याने वाचली, फोनवर वरखाली शोधलं आणि म्हणाला, ‘ताई, हे टाकायला खानाच नाहीये.’ मग घडी करून नळीच्या पिशवीत सरकवली.