इंदूरच्या उन्हाळ्यात रुबिडियम घड्याळ: एफई-५६८०ए

मोबाइल टॉवरच्या जुन्या यंत्रणेतून उतरवलेलं हे अणुघड्याळ सेकंडहँड बाजारात मिळतं. पाचेक मिनिटांत लॉक होतं, म्हणजे रुबिडियम अणूंच्या वारंवारतेशी जुळतं, आणि १० मेगाहर्ट्झचा सिग्नल देतं. घरच्या प्रयोगशाळेसाठी जरूर घ्यावं. मात्र मे महिन्यात ते उघडं टेबलावर ठेवून चालवू नये.

आत रुबिडियमची वाफ भरलेली काचेची कुपी असते. तिच्यात बफर वायूही असतो, म्हणजे रुबिडियमचे अणू काचेवर आदळणं कमी करणारा वायू, आणि खरी मेख तिथेच आहे. तापमान हललं की या वायूच्या रेणूंचा अणूंवरचा परिणाम बदलतो आणि वारंवारता सरकते. म्हणून हीटर कुपीला ठरावीक तापमानावर धरून ठेवतो. पण हीटर फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. खोली ४० अंशांवर, त्यात घड्याळाची स्वतःची दहाएक वॅट उष्णता! घड्याळाचं धातूचं बूड कुपीइतकंच तापलं, की हीटरच्या हातात काहीच उरत नाही.

उणे ५ ते ५० अंशांपर्यंत वारंवारता सरकण्याची निर्मात्याने दिलेली मर्यादा दहा अब्जांत ३ भागांची आहे. ऐकायला नगण्य, पण तेवढा फरक टिकला तर दिवसाला २६ मायक्रोसेकंद होतात. माळव्यात दुपार भाजते आणि रात्र गार होते. जीपीएसच्या सेकंदाच्या पल्सशी तुलना करून आलेख काढला, तर हीच चोवीस तासांची लाट त्यात दिसते. बुडाचं तापमानही सोबत नोंदवा, म्हणजे दोष कुठला ते लगेच कळतं.

महाराणी रोडवरून बुडाला लावायला उभ्या पट्ट्यांचं जाड ॲल्युमिनियम हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा तुकडा, आणा. दोघांमध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर द्या. जाड थर उलट उष्णता अडवतो. स्क्रू आलटून-पालटून आवळा. थर्मोस्टॅटने चालू-बंद होणारा पंखा टाळा, त्याने वारंवारतेत करवतीचे दाते उमटतात. वेग हळूहळू बदलणारा पंखा लावा आणि बूड ४५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवा. गार असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. एसीचा झोत थेट नको. मोटर आणि ट्रान्सफॉर्मर घड्याळाला चिकटवू नका, चुंबकीय क्षेत्रानेही वारंवारता ढळते.

पुरवठा १५ व्होल्टचा, ३ अँपिअर झेपणारा हवा. तापताना ते १.८ अँपिअरच्या आसपास ओढतं, मग निम्म्याहून खाली येतं. काही आवृत्त्यांना वेगळा ५ व्होल्टचा पुरवठाही लागतो. पिनांची मांडणी आवृत्तीगणिक बदलते, तेव्हा जोडणीआधी विक्रेत्याकडून आकृती मागून घ्या.